५०० किलोमीटर विमानाने ३५ मिनिटांत? हा हिशेब मला मान्य नाही

तिरपागडा_प्रवासी: कालच्या चर्चेत 'खिडकीची_जागा' यांनी लिहिले की, ५०० किलोमीटरचे हवाई अंतर विमान ३५ मिनिटांत कापते, तेव्हा त्यासाठी दिवसभर गाडी हाकणारे एकतर हौशी असावेत किंवा अडाणी. नकाशावरच्या अंतराला ताशी ८५० ने भागले की ३५ मिनिटे येतात, हे खरे. पण विमान जमीन सोडताक्षणी त्या वेगाने उडत नसते. वेळापत्रकातला वेळ चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो आणि एवढ्या अंतराला तो सव्वा तासाच्या आसपास जातो. मागच्या खेपेला दारापासून दारापर्यंत मला साडेसहा तास लागले. त्यांतली हवेतली मिनिटे ५२. सामानाच्या पट्ट्यावर एकच बेवारस छत्री सतरा वेळा माझ्यासमोरून गेली, तो वेळ कोणत्या भागाकारात धरायचा?

खिडकीची_जागा: छत्रीच्या फेऱ्या मोजण्यापेक्षा हातातल्या बॅगेत भागवायला शिका. आणि आपले ५०० रस्त्यावर ५०० राहत नाहीत, वळणे धरून सहज ६०० ते ६५० होतात.

मोजपट्टी: सरसकट सव्वापट-दीडपट धरणे चूकच. अर्जेंटिनातले ब्युनोस आयर्स ते उरुग्वेतले मोंटेव्हिडिओ हवाई अंतर जेमतेम २०० किलोमीटर, पण मध्ये रिओ दे ला प्लाता नदीचे रुंद मुख असल्याने रस्त्याने साडेपाचशेहून अधिक पडते.

चौथा_गिअर: तिथे लोक बोटीने जातात, महाशय! मूळ प्रश्न विमान की गाडी हा आहे.

मोजपट्टी: मूळ प्रश्न अंतरावरून वेळ काढता येतो का, हा आहे, धागा वाचून प्रतिसाद देण्याची पद्धत उरली असेल तर वाचा. हवेतसुद्धा रेघ सरळ नसते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला. दोन्ही शहरे जागची हललेली नाहीत.

चौथा_गिअर: ज्ञानाबद्दल आभार. ५०० किलोमीटरवाल्याला टोकियोचा काय उपयोग, तेवढे राहिले. धुक्यामुळे शेवटचे विमान रद्द झाले, त्या रात्री मी गाडी काढली आणि सकाळी वडिलांच्या खाटेपाशी होतो. विमान रद्द झाले की प्रवास संपतो. रस्ता रद्द होत नाही.

खिडकीची_जागा: होतो. उलटलेल्या टँकरमागे मी पाच तास अडकलो होतो. माणसे इंजिने बंद करून दुभाजकावर पाय पसरून बसली होती आणि माझ्या फोनवरची पोहोचण्याची वेळ दर पाच मिनिटांनी पाच मिनिटे पुढे सरकत होती. आपल्या वडिलांच्या बाबतीत मात्र गाडीच योग्य होती, हे मान्य करतो.

तिरपागडा_प्रवासी: आणि ३५ मिनिटे?

खिडकीची_जागा: ५२ धरा. 'अडाणी' मागे घेतो, 'हौशी' राहू द्या.

तिरपागडा_प्रवासी: उपकार झाले. साडेसहा तासांबद्दल अजून उत्तर आलेले नाही.