मदत हवी आहे: 'पार्टी' म्हणजे नेमकं काय काय?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. पुतणी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला, तिला बाईंनी पार्टी या शब्दाचे सगळे अर्थ आणि इंग्लिशमधले समानार्थी शब्द लिहून आणायला सांगितलेत अन् ती वही घेऊन माझ्याच मागं लागलीय. मला वाटलं सोपंय, बसलो तर नुसता गुंता. आमचं चादरी-टॉवेलचं दुकान, आमच्याकडं पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, "हैदराबादची पार्टी आलीय, पेमेंटला चांगलीय" असं. गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास रानात बसून शेंगाचटणीसोबत हुरडा खातो ती हुरडा पार्टी, ती पोरीनं सगळ्यात आधी लिहिली! मग राजकीय पक्ष, कोर्टातला पक्षकार, इन्शुरन्समधली थर्ड पार्टी. डिक्शनरीत बघितलं तर शब्द मूळचा फ्रेंच, 'भाग' अर्थाचा, पार्ट त्याच घरातला, म्हणजे गट, बाजू हा अर्थ जुना अन् मौजमजा मागून आली, हे लई आवडलं मला.

अडलंय ते समानार्थीत. गॅदरिंग, फंक्शन, रिसेप्शन, सेलिब्रेशन, बँक्वेट एवढे काढलेत, पण आपल्याकडं गॅदरिंग म्हटलं की शाळेचं स्नेहसंमेलनच डोळ्यापुढं येतं आणि रिसेप्शन म्हणजे लग्नाचंच, इंग्लिशमध्ये तसं नाही ना? बँक्वेटला मेजवानी लिहू का जेवणावळ? प्रत्येकाचं एकेक साधं वाक्य कुणी देईल का, वही उद्याच द्यायचीय.