मदत हवी आहे: आईची ओव्हरीवरची सिस्ट काढावी की थांबावं?

आई ६३ वर्षांची, पाळी जाऊन १३ वर्षं झाली. पित्ताच्या खड्यासाठी मुलुंडला सोनोग्राफी केली, त्यात उजव्या ओव्हरीवर ४.२ सेंमीची सिस्ट निघाली. आत नुसतं पाणी, पडदे किंवा गाठ नाही. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ततपासणी) चौदा, म्हणजे नॉर्मल, ३५च्या आत. चार महिन्यांनी परत बघितली, तेवढीच आहे. दुखत नाही. घरात कोणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर नाही.

एक डॉक्टर म्हणतात वर्षभर लक्ष ठेवू, दुसरे म्हणतात दुर्बिणीतून दोन्ही ओव्हरीज काढून टाका. आईला डायबेटिस आहे, स्टेंट घातलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे भुलीची फार भीती वाटते. ती रोज रात्री रिपोर्ट उशाशी घेऊन झोपते, बघवत नाही.

ज्यांनी थांबायचं ठरवलं, त्यांच्या डॉक्टरांनी नेमका कोणता बदल दिसला की ऑपरेशन करू असं सांगितलं होतं?