ब्राउझरमधला गेम अडखळतो. नेटचा प्लॅन वाढवूनही फरक पडला नाही

रानजाई:
नमस्कार. आमच्याकडे २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सहाव्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि १३६६ × ७६८ चा पडदा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मुलगी नववीत आहे आणि सुट्टीत क्रोममध्ये स्लिदर डॉट आयओ हा सापांचा गेम खेळते. गेल्या दीड महिन्यापासून तो इतका अडखळतो की साप वळवावा, तर तो क्षणभराने वळतो आणि तोवर समोरच्या सापावर आदळून डाव संपलेला असतो. नेट मंद असेल असे समजून मी ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करून घेतला, पण तिळमात्र फरक पडला नाही. लिचेसवर बुद्धिबळ मात्र व्यवस्थित चालते. मुलीचे एक निरीक्षण आहे : ब्राउझरची खिडकी अर्धी केली की गेम बराच सुधारतो. दीड महिन्यापूर्वी विंडोज बिघडल्यामुळे जवळच्या दुकानातून ते पुन्हा टाकून घेतले होते. तेव्हापासून कीबोर्डवरून पडद्याचा उजेडही कमी-जास्त होत नाही, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असे वाटत नाही. रॅम वाढवावी, की आता नवा लॅपटॉपच घ्यावा?

पाणवठा:
खर्च करण्यापूर्वी गेम एकदा क्रोमच्या इन्कॉग्निटो (खासगी) खिडकीत चालवून पाहा. तिथे एक्स्टेन्शन्स (क्रोमला जोडलेले छोटे जादा प्रोग्रॅम) आपोआप बंद असतात, त्यामुळे दोष त्यांच्यापैकी एखाद्याचा असेल तर लगेच कळेल. क्रोम उघडे असताना शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास कोणता टॅब किती रॅम आणि प्रोसेसर खातो आहे, तेही दिसते. कॅशे (ब्राउझरने साठवून ठेवलेल्या फायली) हीही एकदा साफ करा.

तारायंत्र:
इन्कॉग्निटोची चाचणी जरूर करावी, परंतु कॅशे साफ करण्याचा इथे उपयोग होणार नाही. चालू असलेल्या गेमचा वेग त्याने वाढत नाही, उलट गेमच्या फायली पुन्हा उतरवाव्या लागतात.

रानजाईताई, आपण ‘लॅग’ म्हणतो त्यात दोन अगदी वेगळे दोष मिसळलेले असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. पहिला दोष नेटचा. त्यात आपला पडदा सफाईने हलत असतो, पण इतर खेळाडू मधूनच उड्या मारल्यासारखे दिसतात, कारण त्यांची खबर सर्व्हरकडून उशिरा पोहोचते. हा उशीर प्लॅनच्या एमबीपीएसवर फारसा अवलंबून नसतो, कारण अशा गेमला डेटा अगदी थोडा लागतो. तो सर्व्हर किती दूर आहे आणि घरातले वाय-फाय किती स्थिर आहे यावर ठरतो. सर्व्हर युरोपात असेल, तर मुंबईहून जाऊन येण्यातच शंभराहून अधिक मिलिसेकंद जातात आणि ते कोणताही प्लॅन वाचवू शकत नाही.

दुसरा दोष चित्र आखण्याचा, आणि तुमच्याकडे तोच आहे याची खूण तुमच्या मुलीने अचूक टिपली आहे, याबद्दल तिचे मनापासून कौतुक. खिडकी लहान केल्याने नेट सुधारत नाही, फक्त रंगवायचे ठिपके कमी होतात. तुमच्या पडद्यावर साडेदहा लाख ठिपके आहेत आणि तो सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे एक पूर्ण चित्र तयार करायला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. हे काम प्रोसेसरमध्येच बसवलेल्या ग्राफिक्सने करायचे असते. त्याच्याऐवजी ते प्रोसेसरच्या गळ्यात पडले, की चित्राची वेळ चुकते आणि गेम अडखळतो. बुद्धिबळात एका वेळी एखादीच सोंगटी हलते, त्यामुळे तिथे हा दोष जाणवतच नाही.

उजेडाच्या बटणांचा संबंध नाही असे तुम्ही म्हणता, पण माझ्या मते सगळे उत्तर तिथेच आहे. विंडोज नव्याने टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (विंडोजला ते ग्राफिक्स वापरता यावे म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम) बसवायचा राहिला, तर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ नावाच्या कामचलाऊ ड्रायव्हरवर चालते, ज्याला पडदा दाखवता येतो, पण ग्राफिक्सचा वेग वापरता येत नाही आणि बहुतेक लॅपटॉपवर उजेडही बदलता येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’खाली हेच नाव आहे का, ते पाहा. असल्यास लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून घ्या. ड्रायव्हर देणाऱ्या भलत्याच संकेतस्थळांच्या नादी लागू नका. नंतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन (चित्र आखण्याचे काम ग्राफिक्सकडे सोपवण्याची सोय) चालू असल्याची खात्री करा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा.

आणखी एक. या विषयावर शोधल्यास फ्लॅश प्लेयरच्या सेटिंग बदलण्याचे सल्ले अजूनही सापडतात. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, त्यामुळे ते सल्ले सरळ बाजूला ठेवावेत.

रानजाई:
तुम्ही सांगितलेलेच नाव निघाले! दुकानात विंडोजचे अपडेटही बंद करून ठेवलेले होते, तेही सुरू केले. ड्रायव्हर टाकून लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि सर्वांत आधी उजेडाचे बटण दाबले. पडदा मंद झाला तेव्हा इतका आनंद झाला की मुलीला हाक मारून दाखवले. गेम पूर्ण खिडकीत सफाईने चालतो. मात्र वीसेक मिनिटांनी पंख्याचा आवाज वाढतो आणि गेम पुन्हा थोडा अडखळू लागतो. हा नेटचा दोष असेल का?

सांजवात:
वीस मिनिटांनी आणि पंख्याच्या आवाजासोबत येणारा दोष उष्णतेचा असतो. गेम अडखळत असतानाच टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जाऊन सीपीयूचा ‘स्पीड’ पाहा आणि शेजारी लिहिलेल्या ‘बेस स्पीड’शी ताडून पाहा. गेम चालू असतानाही तो आकडा त्याच्या बराच खाली घसरत असेल, तर प्रोसेसर तापल्यामुळे स्वतःला आवरतो आहे असे समजावे. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवून खेळत असाल, तर खालची जाळी झाकली जाते आणि हवाच आत शिरत नाही. इतक्या वर्षांत पंख्यापुढच्या बारीक पत्र्यांत धूळही साचलेली असणार. ओळखीच्या कारागिराकडून समोर उभे राहून साफ करून घ्या, आणि हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवायला सांगा, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होऊ शकते.

रॅमविषयी : ८ जीबी या गेमला पुरेशी आहे. परंतु ती एकाच पट्टीत असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल, तर तिथे आणखी एक पट्टी बसवल्याने फायदा होऊ शकतो, कारण वेगळे कार्ड नसलेले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला दोन वाटा मिळतात. ही घाई मात्र नाही.

रानजाई:
मुलगी खरोखरच पलंगावर, पायांवरच्या चादरीवर लॅपटॉप ठेवून खेळत होती. बेस स्पीड २.३० गीगाहर्ट्झ आणि अडखळताना आकडा १.१ च्या आसपास. आज साफ करून घेतला. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसला होता, तो चिमट्याने अखंड निघाला. संध्याकाळी तासभर टेबलावर खेळून झाले आणि आकडा २.३० च्या खाली आला नाही. नेटचा प्लॅन पुढच्या महिन्यापासून पुन्हा ५० चा करून घेत आहे.