मदत हवी आहे: ग्रह दुप्पट मोठा, गुरुत्व पृथ्वीइतकंच. घनता किती?

काजवा
कथेसाठी एक ग्रह हवा आहे. पृथ्वीच्या दुप्पट मोठा, पण माणसं इथल्यासारखीच चालतील एवढंच गुरुत्व. घनता एका पद्धतीने ३.९ येते, दुसरीने २.७६. खरी कुठली? मजकूर उद्या द्यायचा आहे, फक्त आकडा सांगा.

शून्यबाकी
दुप्पट म्हणजे काय दुप्पट? त्रिज्या, आकारमान की वस्तुमान?

काजवा
मोठा म्हणजे मोठा! घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्येच आहे, एककांचा घोळ नाही.

शून्यबाकी
घोळ 'मोठा'मध्येच आहे. वस्तुमान दुप्पट धरलं तर गुरुत्व तेवढंच राहायला त्रिज्या १.४१ पट लागते, घनता ३.९. त्रिज्या दुप्पट धरली तर वस्तुमान चौपट लागतं, आकारमान होतं आठपट, म्हणून घनता पृथ्वीच्या ५.५१ च्या निम्मी. दोन्ही उत्तरं बरोबर, ग्रह वेगळे.

उत्तररात्र
वस्तुमानाच्या मागे लागूच नका. ते त्रिज्येच्या घनाने वाढतं, गुरुत्व काढताना त्रिज्येच्या वर्गाने भागायचं असतं. उरतं घनता गुणिले त्रिज्या. बुध: ५.४३ × २४४० किमी. मंगळ: ३.९३ × ३३९०. गुणाकार करून बघा, जवळजवळ सारखे येतात. मंगळ एवढा मोठा असूनही दोघांचं गुरुत्व ३.७ मी/से² च का, ते लगेच कळतं. हे सूत्र शाळेतच शिकवायला हवं.

धूमकेतू
घनता कशाला बदलता? ग्रह जोरात फिरवा, वजन आपोआप कमी होईल.

शून्यबाकी
@धूमकेतू, घनता तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर गुरुत्व दुप्पट. ते विषुववृत्तावर निम्मं करायला दिवस दोन तासांचा करावा लागेल. त्या वेगात ग्रह चपटा होईल, आणि ध्रुवावर फिरण्याचा फायदा शून्य.

धूमकेतू
शनी चपटाच आहे की! वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, तरी गुरुत्व आपल्याच आसपास.

उत्तररात्र
ते घनता ०.६९ असल्यामुळे. शिवाय शनीला उभं राहायला पृष्ठभागच नाही, तो आकडा एक बार दाबाच्या (साधारण आपल्या समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतक्या) पातळीवरचा असतो. इथे माणसं चालवायची आहेत.

पाणवठा
धागाकर्ते, मुक्तिवेगाचाही, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाचाही विचार करा. गुरुत्व तेच आणि त्रिज्या दुप्पट, तर ११.२ ऐवजी १५.८ किमी/से. रॉकेट सोडणं फार अवघड होईल.

काजवा
रॉकेट नाहीये कथेत!! त्रिज्या दुप्पट हवी, कारण क्षितिज लांब दिसायला हवं. म्हणजे २.७६ लिहू ना?

शून्यबाकी
हे आधी सांगायचं होतं. क्षितिजाचं अंतर त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढतं. डोळे १.७ मीटर उंचीवर असतील तर इथे साधारण ४.७ किमी, तिथे ६.६. टेकडीवर चढवा, इथेच त्याहून लांबचं दिसेल.

उत्तररात्र
आणि २.७६ चा ग्रह बनवणार कशाचा? चंद्राचीच घनता ३.३४ आहे. एवढ्या मोठ्या ग्रहात तर खडक आतल्या दाबाने आणखी घट्ट बसतो. पृथ्वीचाच मालमसाला घेऊन त्रिज्या दुप्पट केलीत तर वस्तुमान आठपट नाही, तेरापटीच्या आसपास जातं आणि गुरुत्व तीन जीच्या पुढे (एक जी म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्व). २.७६ हवी तर पाण्याचा वाटा प्रचंड लागेल. मग जमीन विसरा, सगळीकडे खोल समुद्र.

धूमकेतू
समुद्रावरची कथा छानच होईल. जहाजं टाका.

काजवा
जहाजं नकोत. माणसं माळावरून चालत जातात, तेच कथेचं मूळ आहे. खडकाळ ग्रह, एक जी, जास्तीत जास्त मोठा: त्रिज्या किती?

उत्तररात्र
लोखंडाचा गाभा पूर्ण काढून सगळा खडकच ठेवलात तर पृथ्वीच्या साधारण १.१५ पट. घनता ४.८ लिहा. क्षितिज ५ किमी.

काजवा
१.१५ फारच कमी आहे. आणि दीड जी चालवून घेतलं तर?

शून्यबाकी
गाभा ठेवून की काढून?