आजोबांची शिडाची होडी दुरुस्त करायचीय

मालवणला अंगणात आजोबांची सागवानी होडी कितीतरी वर्षं पडून आहे, फळ्यांमधून चक्क उजेड दिसतो, वरून फायबर मारून घेऊ का?

देवगडकर: फायबर नको रे बाबा, आत ओल अडकली की लाकूड आतल्या आत कुजतं. आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ, भसकन घुसला तर ती फळी बदलायचीच.

दर्यागडी: फटी बघून घाबरू नको, सुकलं की लाकूड आकसतंच, ओली गोणपाटं टाकून ठेव, बऱ्याच मिटतील, उरलेल्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोक पण अगदी गच्च नको, पाण्यात फळ्या अजून फुगतात. खिळे लोखंडी आहेत का? तांब्याचे घाल, महाग पडतील पण खाऱ्या पाण्यात टिकतात.

मालवणवाला: लोखंडीच आहेत, भोवती लाकूड काळं पडलंय.

देवगडकर: मग तिथंच आधी टोच. आणि होडीवर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घाल, ऊन नको.