मदत हवी आहे: पाश्चात्य गेमर व्हिज्युअल नॉव्हेल विकत घेतात का? शुक्रवारपर्यंत सांगा

सांजवारा
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. मी व्हिज्युअल नॉव्हेल करतेय, म्हणजे चित्रं बघत वाचायचा, मध्ये मध्ये निवड करायचा गेम. गोष्ट लिहून झाली आहे, चित्रं निम्मी झालीत. आता पैसे घालणारे म्हणतात, अमेरिका-युरोपात नुसतं वाचायला लावणारा गेम कोणी घेत नाही, मध्ये लढाया घाला. लढाया घातल्या तर गोष्टीचा जीव जाईल आणि अजून वर्षभर काम वाढेल. शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचंय. तिकडे गिऱ्हाईक आहे की नाही? जाणकारांनी स्पष्ट सांगा, 'अवलंबून आहे' नको.

अर्धविराम
कुठे काढताय? स्टीम (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान), मोबाइल की स्विच (निन्टेंडोचं गेमयंत्र)? भाषा कुठली? किती तासांची गोष्ट? किंमत? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

कट्टर_वाचक
गिऱ्हाईक आहे, आणि आजचं नाही. 'एस अटर्नी' जपानात २००१ला आला, २००५ला इंग्रजीत निन्टेंडोच्या डीएस या हातातल्या गेमयंत्रावर आला आणि तिकडे रुजला. '९९९'ची मालिका तर पैसेवाल्यांना दाखवाच. जपानात ती चालली नाही, बाहेरच्यांनी डोक्यावर घेतली. तिसरा भाग अडकून पडला होता, तेव्हा पाश्चात्य चाहत्यांनी मोहीम चालवली. शेवटी २०१५ला लॉस एंजेलिसच्या अनिमे एक्स्पोमध्ये तो जाहीर झाला आणि २०१६ला आला.

देवगडचा_हापूस
पण 'एस अटर्नी'त साक्षीदाराचं खोटं पकडायचं असतं आणि '९९९'मध्ये कोडी सोडवायची असतात. हाताला काम आहे तिथे. नुसतं क्लिक करत वाचायचं म्हटलं की मी अर्ध्या तासात बंद करतो. पैसे घालणाऱ्यांचं मला पटतंय.

कट्टर_वाचक
'डोकी डोकी लिटरेचर क्लब' या भयकथेत कुठली कोडी आहेत? सप्टेंबर २०१७ला आला, काही महिन्यांत वीस लाखांवर डाउनलोड. २०२१ला विकतची आवृत्ती काढली, तिच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत पाच लाखांहून जास्त प्रती गेल्या.

अर्धविराम
मूळ गेम फुकट होता हे का गाळताय? फुकट होता म्हणून पसरला, आणि यूट्यूबवर लोकांना दचकताना बघायला गर्दी झाली. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी पैसे मागितले तर हे गणित लागू होत नाही. सांजवारा, वरच्या प्रश्नांची उत्तरं द्या ना.

पायथनप्रेमी
रेनपाय वापरा, व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं इंजिन! २००४पासून आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे चालतं. युनिटीसारख्या मोठ्या इंजिनच्या नादी लागू नका. कोड लागला तर व्यनि करा.

सांजवारा
रेनपायमध्येच आहे, इंजिन विचारलंच नाहीये. स्टीमवर काढणार, अर्थातच. इंग्रजी. भयकथा, साधारण चार तास. किंमत ठरली नाही. आता कोणी लढायांबद्दल बोलेल का?

नील_टोरंटो
भयकथा आहे हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! इथल्याच एका जोडप्याचा 'स्ले द प्रिन्सेस' ऑक्टोबर २०२३ला आला. तोही रेनपायमध्ये केलेला. पेन्सिलने काढलेली चित्रं, एक राजकन्या, एक तळघर आणि तुमची निवड. लढाईची यंत्रणा कुठेच नाही. पण सगळे संवाद आवाजात आहेत आणि ते काम दोनच कलाकारांनी पेललंय. लढायांवर जाणारे पैसे आवाजावर घाला, माझं ठाम मत आहे. इथल्या खेळणाऱ्याला वाचायचा कंटाळा नसतो. आपण निवडलं त्याने गोष्टीत काहीच बदललं नाही, की मात्र तो चिडतो.

देवगडचा_हापूस
मग निदान छोटं काहीतरी हाताला द्या. 'व्हीए-११ हॉल-ए' व्हेनेझुएलाच्या पोरांनी २०१६ला काढला. त्यात गिऱ्हाइकाला पेय बनवून द्यायचं, बस. गोष्टही त्या पेयावर वळते. इंडोनेशियाचा 'कॉफी टॉक' त्याच वाटेने गेला. दोन्ही देश गेमसाठी काही प्रसिद्ध नव्हते.

नील_टोरंटो
हे मात्र पटलं. लढाई नको, पण गोष्टीतूनच आलेली एखादी कृती चालेल.

वेगवान_विशाल
चित्रं निम्मी राहिलीत तर एआयने करून टाका, आठवड्यात संपतील. एवढी चर्चा कशाला?

रेषारंग
अजिबात नको. जानेवारी २०२४पासून एआय वापरलं असेल तर स्टीमला सांगावं लागतं आणि ते गेमच्या पानावर सगळ्यांना दिसतं. व्हिज्युअल नॉव्हेलचा वाचक चार तास चित्रांकडेच बघत असतो. तिथे हात आखडलेला कळतोच. मी चित्रकार आहे, माझ्या पोटाचा प्रश्न आहे, म्हणून जोरात बोलतेय.

वेगवान_विशाल
सगळेच वापरतात आता. गिऱ्हाइकाला फरक पडत नाही.

रेषारंग
या गिऱ्हाइकाला पडतो. स्टीमवर अशा गेमच्या खालचे अभिप्राय वाचा आणि मग बोला.

जमाखर्च
करांचं कोणी बोललं नाही. स्टीमला आधी शंभर डॉलर भरायचे, ते हजार डॉलरची विक्री झाली की परत मिळतात. विक्रीतले तीस टक्के त्यांचे. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरताना पॅन नंबर टाका आणि भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा, नाहीतर तिकडच्या विक्रीवर तीस टक्के कापतील.

सांजवारा
हे विचारलं नव्हतं, पण उपयोगी आहे. चार तास कमी पडतील का? पैसे घालणारे दहा तास म्हणतात.

अर्धविराम
उलट चार ठीक आहेत. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं तर पैसे परत मागता येतात. तासाभराची गोष्ट असती तर लोक पूर्ण वाचून परत करू शकले असते. तुम्हाला पहिल्या दोन तासांत माणूस गुंतवायचाय, तिथे जीव ओता. आणि डेमो आहे का? स्टीमचं पान उघडलंय का?

सांजवारा
डेमो नाही. पान गेम पूर्ण झाल्यावर उघडणार होतो.

अर्धविराम
शुक्रवारच्या आधी उघडा! गिऱ्हाईक आहे की नाही हे विशलिस्टचे (पुढे घ्यायचा म्हणून किती जणांनी नोंदवून ठेवला त्याचे) आकडेच दाखवतील, आम्ही इथे भांडून नाही. पहिला अर्धा तास डेमोत द्या. नेक्स्ट फेस्टमध्ये (स्टीमचा डेमोंचा महोत्सव) मात्र घाईने उतरू नका, एका गेमला एकदाच जाता येतं.

नील_टोरंटो
डेमो झाला की इथे टाका. माझ्या ओळखीत भयकथा वाचणारे चार-पाच जण आहेत, त्यांना देतो.