मदत हवी आहे : सीटी स्कॅनचा डेटा क्लाउडवर की स्वतःच्या सर्व्हरवर?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला आमचं एक्स-रे, सीटी स्कॅनचं छोटं सेंटर आहे. सर्व्हर ७ वर्षांचा झालाय. गेल्या महिन्यात त्यातल्या रेडमधली (एक बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कमधली) एक डिस्क गेली. नवी बसवून तिच्यावर डेटा पुन्हा तयार (रीबिल्ड) होईपर्यंत दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पेशंटचा जुना स्कॅनच गेला तर डॉक्टर तुलना कशाशी करणार?

डेटा साधारण १२ टीबी, रोज वाढतोय. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन, म्हणजे इथली डेटा सेंटर्स, २०१६ पासून आहे, म्हणजे अंतराची चिंता नाही. पण डेटा चढवायला फुकट आणि बाहेर काढायला जीबीमागे पैसे! आमच्याकडे जुने स्कॅन दिवसभर उघडले जातात. क्लाउडच्या सगळ्यात स्वस्त आर्काइव्हमधून (क्वचित लागणाऱ्या फाइलींच्या साठवणीतून) फाइल मिळायला तास लागतात, पेशंट समोर बसलेला असताना ते चालणार नाही.

स्वतःचा नवा सर्व्हर घेतला तर यूपीएस, एसी, सुटे भाग सगळं माझ्याच गळ्यात. किंवा मशीन आपलं, जागा महापे-ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने.

माझा कल असा: अलीकडच्या दोन वर्षांचे स्कॅन सेंटरमध्येच, पूर्ण बॅकअप क्लाउडवर. कुणी असं चालवतंय का? महापेला २ यू (एका सर्व्हरपुरती उंची) एवढीच जागा मिळते, की अर्धा रॅक (सर्व्हर ठेवायचं कपाट) घ्यावाच लागतो? रात्री डिस्क गेली तर तिथला माणूस बदलून देतो का?